रवळनाथचे काजू सातेरीत: मडलेटच्या स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबल्सचं एक प्रकरण

रत्नागिरीतली काही मुलं एक छोटा मराठी मजकुरी खेळ चालवतात. त्यात चित्रं नाहीत, आवाज नाही. सर्व्हर ओळी पाठवतो, खेळणारा आज्ञा टाइप करतो. अशा खेळांना मड म्हणतात. पहिला मड १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. या मराठी खेळातला किनारा मात्र आपलाच आहे: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, निवती, वेंगुर्ला. खेळणाऱ्याकडे गलबतं असतात. माल भरायचा, वारा बघून निघायचं, पाणी संपायच्या आत पुढचं बंदर गाठायचं. पावसाळ्यात दर्या बंद होतो, नारळी पौर्णिमेला उघडतो.

हा खेळ मडलेट या मोफत, मुक्त स्रोत क्लायंटमधून, म्हणजे सर्व्हरशी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, खेळतात. मडलेटमध्ये लुआ ५.१ भाषेत स्क्रिप्ट लिहिता येतात. सर्व्हरकडून ठरावीक ओळ आली की ट्रिगर चालतो, ठरावीक आज्ञा टाइप केली की अलियास चालतो, ठरावीक वेळ झाली की टायमर चालतो. मालवणात राहणाऱ्या, तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या गलबतांचा हिशोब ठेवायला अशी स्क्रिप्ट लिहिली आणि देवगडच्या मावसभावालाही दिली. त्याने वापरायला सुरुवात केली आणि दोनच दिवसांत तिला फोन केला, "ताई, मी काजू रवळनाथात भरलंय, मगे सातेरीत कित्याक दिसतत?"

रवळनाथ, सातेरी आणि भराडी ही त्याच्या तीन गलबतांची नावं. दोघांच्या संमतीने हे प्रकरण लिहितो आहे, म्हणून त्यांची नावं गाळली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये व्हेरिएबल्सची, म्हणजे मूल्यं ठेवायच्या जागांची, नावं रोमन लिपीत आहेत, लुआ ५.१ मध्ये ती तशीच लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ती देवनागरीत देतो.

काय काय बिघडलं होतं

काजूची तक्रार सगळ्यात मोठी, पण ती एकटी नव्हती. मी मुलीला म्हटलं, आधी दुरुस्ती नको, जे जे विचित्र दिसतंय ते सगळं लिहून काढ. वहीत चार गोष्टी आल्या. एका गलबतात भरलेला माल सगळ्या गलबतांत दिसतो, पण पाण्याचा साठा मात्र प्रत्येकाचा वेगळा आणि बरोबर असतो. बंदर सोडल्यावर ठरावीक वेळाने 'पाणी तपास' ही सूचना येते, ती कधीकधी भलत्याच गलबताच्या नावाने. खेळात नारळी पौर्णिमा झाली, दर्या उघडला, तरी स्क्रिप्टच्या मते रवळनाथला अजून बंदी आहे. आणि लाइट जाऊन आली की गलबतं यादीत दिसतात, पण माल भरायला गेलं की एरर येते.

पहिल्या तक्रारीतलं 'पाण्याचं मात्र बरोबर' हे वाक्य तिने जवळजवळ खोडलंच होतं, कारण जे बरोबर चालतंय ते कशाला लिहायचं. खरा धागा तिथेच होता. एकाच क्लासमधली (सगळ्या गलबतांच्या सामाईक साच्यातली) दोन व्हेरिएबल्स, एकाच जागी, एकाच पद्धतीने मांडलेली, आणि त्यातलं एकच बिघडतं. त्या दोघांत फरक काय, एवढाच प्रश्न उरला.

पाणी वेगळं, माल सामाईक

लुआ १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोमधल्या पीयूसी विद्यापीठात तयार झाली. या भाषेत क्लास नावाची वेगळी वस्तू नाही. आहे ते टेबल, म्हणजे किल्ली आणि तिचं मूल्य अशा जोड्यांची नोंद. एक टेबल क्लास म्हणून ठरवायचं, प्रत्येक गलबतासाठी दुसरं टेबल करायचं, आणि मेटाटेबलच्या (टेबलचं वागणं ठरवणाऱ्या, त्याला जोडलेल्या टेबलच्या) इंडेक्समधून सांगायचं की गलबताच्या टेबलमध्ये एखादी किल्ली सापडली नाही तर ती क्लासच्या टेबलमध्ये शोध. मुलीने असंच केलं होतं:

गलबत = {}
गलबत.__इंडेक्स = गलबत
गलबत.पाणी = १००
गलबत.माल = {}

आणि नवं गलबत करणाऱ्या फंक्शनमध्ये फक्त नाव भरलेलं एक टेबल तयार करून त्याला गलबत हे मेटाटेबल लावलं होतं. इतर भाषांमधून आलेल्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. वरच्यातल्या शेवटच्या दोन ओळी 'प्रत्येक गलबताला शंभर पाणी आणि एक रिकामं कोठार' अशाच वाचल्या जातात. लुआ त्या तशा वाचत नाही. लुआसाठी तिथे एकच शंभर आहे आणि एकच कोठार आहे, दोन्ही क्लासच्या टेबलमध्ये ठेवलेले.

मग पाणी का बिघडलं नाही? पाणी कमी करणारी ओळ अशी होती (सेल्फ म्हणजे ज्या गलबतावर काम चाललंय ते):

सेल्फ.पाणी = सेल्फ.पाणी - ५

उजवीकडे वाचन आहे. रवळनाथच्या टेबलमध्ये पाणी नाही, म्हणून लुआ क्लासकडे जाते, शंभर आणते, पाच वजा करते. डावीकडे लिहिणं आहे, आणि लिहिताना लुआ इंडेक्सकडे बघत नाही. ती थेट रवळनाथच्या स्वतःच्या टेबलमध्ये पंचाण्णव लिहिते. त्या क्षणापासून रवळनाथला स्वतःचं पाणी मिळतं आणि क्लासमधलं शंभर तसंच राहतं. म्हणजे पाण्याची मांडणीही मालासारखीच सामाईक होती. पहिल्या लिखाणाने ती आपोआप वेगळी झाली, एवढंच.

मालाची ओळ दिसायला तिच्यासारखीच:

सेल्फ.माल[वस्तू] = नग

इथे 'सेल्फ.माल' हे लिहिणं नाही, वाचन आहे. लिहिणं होतं ते त्याच्या पुढच्या चौकटी कंसात, मालाच्या आतल्या टेबलमध्ये. रवळनाथकडे माल नाही, लुआ क्लासकडचा माल आणते, आणि काजू त्यात पडतात. सातेरी विचारते तेव्हा तिच्याकडेही स्वतःचा माल नसतो, तीही क्लासकडेच जाते. घरं वेगळी झाली तरी परसातली विहीर भावाभावांत सामाईक राहते, कोणीही कळशी सोडली तरी पाणी त्याच विहिरीचं, तसं हे कोठार होतं.

माझं ऐकून तिने विश्वास ठेवावा असं मला वाटत नव्हतं, म्हणून मडलेटच्या आज्ञेच्या ओळीतून तिलाच तपासायला लावलं. रॉगेट हे फंक्शन मेटाटेबलला वळसा घालून थेट टेबलमध्ये बघतं. रवळनाथचं पाणी रॉगेटने विचारलं तर पंचाण्णव आलं. माल विचारला तर निल, म्हणजे काहीच नाही. तिन्ही गलबतांचा माल प्रिंट केला तर तिन्ही वेळा टेबलचा तोच पत्ता. यापुढे समजावून सांगायचं काही उरलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे: नवं गलबत करतानाच त्याच्या टेबलमध्ये 'माल = {}' भरायचं. दर वेळी हे फंक्शन चाललं की मोकळे महिरपी कंस नवं टेबल निर्माण करतात. पण मी तिला क्लासमधली 'गलबत.माल' ही ओळ काढूनच टाकायला सांगितली, आणि याबाबत माझा आग्रह आहे. ती ओळ राहिली तर उद्या कोणी वेगळ्या वाटेने गलबत तयार केलं आणि माल भरायला विसरलं, की जुनाच गोंधळ गुपचूप परत येईल. ओळ नसेल तर निलवर लिहायला गेल्याची एरर तिथल्या तिथे येईल. चुकीची बेरीज दाखवत राहणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा थांबणारी स्क्रिप्ट कितीतरी बरी.

तिने एक पर्यायही सुचवला होता: मडलेटमध्ये डीपकॉपी (आतल्या टेबलांसकट पूर्ण प्रत काढणारं फंक्शन) आहे, मग प्रत्येक गलबतासाठी अख्ख्या क्लासचीच प्रत का काढू नये? चालेल, पण मला तो पटत नाही. बंदरांची क्रमवार यादीही क्लासमध्ये आहे, आणि ती सामाईकच असायला हवी. हर्णैच्या दक्षिणेला दाभोळ, हे रवळनाथसाठी एक आणि भराडीसाठी दुसरं असू शकत नाही. प्रती काढल्या तर यादीत मधलं एखादं बंदर वाढवल्यावर जुन्या गलबतांना ते कळणारच नाही.

उलट्या बाजूने तीच गाठ

बंदरांच्या यादीवरून बोलणं दर्याबंदीकडे वळलं. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला पावसाळ्यात बंदी असते. खेळात काळ शिडाच्या गलबतांचा आहे, म्हणून तिथे पावसाळा लागला की सगळाच दर्या बंद आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की खुला. ही अवस्था एकेका गलबताची नाही, सगळ्यांची आहे.

स्क्रिप्टमध्ये पावसाळ्याची ओळ आली की समोर असलेल्या गलबताच्या मेथडमधून (क्लासमधल्या फंक्शनमधून) 'सेल्फ.दर्याबंद = ट्रू' लिहिलं जात होतं. ट्रू म्हणजे हो, फॉल्स म्हणजे नाही. त्या वेळी समोर रवळनाथ होता. लिखाण त्याच्या टेबलमध्ये गेलं, आणि सातेरी-भराडीसाठी क्लासमधलं फॉल्सच राहिलं. स्क्रिप्ट त्यांना खुशाल निघायला सांगायची, सर्व्हर नाही म्हणायचा. भावाला वाटलं, सर्व्हर बिघडला. पुढे पौर्णिमेच्या ट्रिगरने नीट 'गलबत.दर्याबंद = फॉल्स' असं क्लासवर लिहिलं, पण रवळनाथकडे आता स्वतःचं ट्रू होतं. विचारणा त्याच्या टेबलमध्येच संपायची, क्लासपर्यंत पोचायचीच नाही.

मालाच्या बाबतीत वेगळं हवं होतं ते सामाईक झालं, इथे सामाईक हवं होतं ते वेगळं झालं. नियम एकच: वाचन वर चढतं, लिहिणं जागेवर राहतं. सामाईक गोष्ट लिहायची तर क्लासचं नाव घेऊनच लिहायची, सेल्फ वापरायचा नाही. रवळनाथवर चिकटलेलं जुनं ट्रू काढायला त्यात फॉल्स लिहून भागत नाही, कारण ते फॉल्सही त्याचं स्वतःचं होऊन बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात नडतं. तिथे निल लिहायचं. निल लिहिलं की किल्ली जाते आणि वाचन पुन्हा क्लासकडे जायला लागतं. एकूण गलबतांची संख्या मोजणाऱ्या काउंटरमध्येही हाच दोष होता, तोही याच पद्धतीने गेला.

यानंतर मी तिला प्रत्येक व्हेरिएबलपुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहायला लावली: हे कोणाचं आहे, आणि कधीपर्यंत टिकायला हवं? माल एका गलबताचा, खेळ संपेपर्यंत. दर्याबंदी सगळ्यांची, पुढच्या ऋतूपर्यंत. टायमरचा क्रमांक एका गलबताचा, पण मडलेट बंद होईपर्यंतच. ट्रिगरने पकडलेलं नाव कोणाचंच नाही, ती ओळ हाताळून होईपर्यंत. या शेवटच्या उत्तराने दुसरी तक्रार सुटली.

भलत्याच नावाची सूचना

लुआमध्ये 'लोकल' लिहिलं नाही तर व्हेरिएबल ग्लोबल, म्हणजे सगळीकडून दिसणारं, होतं. मडलेटमध्ये एका प्रोफाइलचे (सर्व्हरशी एका जोडणीच्या मांडणीचे) सगळे ट्रिगर, अलियास, टायमर आणि स्क्रिप्ट एकाच ग्लोबल अवकाशात राहतात. गलबताने बंदर सोडल्याची ओळ आली की ट्रिगर 'नाव = मॅचेस[२]' करायचा आणि टेम्पटायमरने तीस सेकंदांनी सूचना लावायचा. मॅचेस[१] म्हणजे पकडलेला पूर्ण मजकूर, [२] म्हणजे पहिल्या कंसातला भाग. तीस सेकंदांच्या आत दुसरं गलबत निघालं की 'नाव' बदलायचं आणि दोन्ही सूचना दुसऱ्याच्या नावाने यायच्या. भाऊ घाईत असला की तिन्ही गलबतं लागोपाठ सोडतो. म्हणून हे त्याला वारंवार दिसायचं आणि तिला क्वचित.

'लोकल नाव' केलं की प्रत्येक टायमरचं फंक्शन आपापलं नाव धरून ठेवतं. टायमरच्या आत परत मॅचेस वाचायचं मात्र नाही, तोपर्यंत त्यात दुसराच मजकूर असतो. आणखी एक खबरदारी घेतली: टायमरने गलबताचं टेबल धरायचं नाही, नावच धरायचं, आणि वेळ झाली की 'गलबतं' या नोंदवहीतून त्या नावाचं गलबत काढायचं. मधल्या वेळात गलबत बुडालं असेल तर नोंद सापडत नाही आणि सूचना गप्प राहते.

अशी सांडलेली ग्लोबल्स शोधायला एक तात्पुरती युक्ती आहे. ग्लोबल टेबललाच मेटाटेबल लावायचं आणि न्यूइंडेक्समध्ये (नवी किल्ली लिहिताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) नव्या किल्लीचं नाव छापून रॉसेटने, म्हणजे मेटाटेबलला वळसा घालून, ती लिहू द्यायची. छापायचंच, अडवायचं नाही, कारण मडलेट स्वतःही काही ग्लोबल्स तयार करतं. नाव पहिल्यांदा तयार होतं तेव्हाच ते छापलं जातं, म्हणून प्रोफाइल बंद करून नव्याने सुरू केल्यावरच यादी पूर्ण मिळते. त्या यादीत 'नाव' दोन ट्रिगरांमध्ये वापरलेलं सापडलं, आणि 'आय', 'टेंप', 'एक्स' अशी नेहमीची मंडळीही निघाली.

सेव्ह केलं की पुसलं

हे वहीत नव्हतं, काम करताना दिसलं. मडलेटमध्ये स्क्रिप्ट सेव्ह केली की ती पुन्हा चालते. वर 'गलबत = {}' आणि 'गलबतं = {}' असेल तर एक स्वल्पविराम दुरुस्त केला तरी सगळी गलबतं पुसली जातात. त्यावर लुआची रूढ लिखावट आहे: 'गलबतं = गलबतं ऑर {}'. असेल तर तेच ठेव, नसेल तर नवं कर.

नोंदवहीसाठी हे उघडच हवं. क्लाससाठीही हवं, आणि ते चटकन लक्षात येत नाही. क्लासचं टेबल नवं केलं तर आधीच्या गलबतांचं मेटाटेबल जुन्या क्लासकडेच बोट दाखवत राहतं. मेथडमध्ये केलेली दुरुस्ती नव्या गलबतांना मिळते, जुन्यांना नाही, आणि एकाच यादीत दोन तऱ्हेची गलबतं फिरतात. क्लासचं टेबल तेच ठेवून त्यात मेथड पुन्हा भरल्या तर सगळ्यांना एकदम नव्या मिळतात.

ऑरची ही लिखावट हो-नाहीच्या सेटिंगला वापरू नये. 'आपोआपभर = आपोआपभर ऑर ट्रू' असं लिहिलं तर खेळणाऱ्याने मुद्दाम फॉल्स केलेलं सेटिंग पुढच्या सेव्हला ट्रू होतं. तिथे 'निल आहे का' असंच स्पष्ट विचारायचं.

लाइट गेल्यावर

मालवण-देवगडकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइटचा भरवसा नसतो. भावाकडे डेस्कटॉप आहे, इन्व्हर्टर नाही. स्क्रिप्ट आपला हिशोब मडलेट बंद होतानाच्या घटनेवर लिहीत होती, आणि वीज तुटली तर ती घटना घडतच नाही. म्हणून आता माल, पाणी किंवा बंदर बदललं की लगेच टेबल.सेव्हने फाइल लिहिली जाते. ओळी सेकंदाला शेकड्याने येत नाहीत, त्यामुळे याचा भार जाणवत नाही. लिहितानाच वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते, म्हणून दोन फाइली आलटून पालटून लिहायच्या आणि सुरू होताना नवी नीट वाचता आली नाही तर जुनी घ्यायची. तात्पुरती फाइल लिहून तिचं नाव बदलायची नेहमीची रीत इथे टाळली, कारण विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर लुआचं रीनेम अपयशी ठरतं.

परत सुरू केल्यावरची एरर वेगळ्या कारणाने होती. टेबल.सेव्ह मूल्यं लिहितं, मेटाटेबल लिहीत नाही. टेबल.लोडने गलबतं परत येतात तेव्हा ती साधी टेबलं असतात: नाव आहे, माल आहे, पण 'भर' ही मेथड शोधायला क्लासच नाही. लोड झाल्यावर नोंदवहीतल्या प्रत्येक गलबताला सेटमेटाटेबलने क्लास पुन्हा जोडला. त्याच फेरीत टायमरचे जुने क्रमांकही निल केले. मागच्या वेळचा क्रमांक या वेळी निरर्थक असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच टायमरचा असतो, आणि किलटायमर त्यालाच मारतो.

इथे जुन्या पाण्याच्या मांडणीनेही एक गंमत उघड केली. ज्या गलबताने बंदर सोडलंच नव्हतं त्याच्या टेबलमध्ये पाणी नव्हतं, ते क्लासमधलं शंभर वाचत होतं. फाइलमध्येही त्याचं पाणी गेलं नाही. उद्या क्लासमधली सुरुवातीची किंमत ऐंशी केली असती तर मागे उभं असलेलं भरलेलं गलबत परत सुरू झाल्यावर ऐंशीवर आलं असतं. म्हणून आता पाणीही नवं गलबत करतानाच त्याच्या टेबलमध्ये लिहिलं जातं, जरी ते आजवर कधी चुकलं नव्हतं.

दोन टॅब

शेवटी भावाने विचारलं की तो दोन टॅबमध्ये दोन पात्रं चालवतो, मग एकाची गलबतं दुसऱ्यात का दिसत नाहीत? मडलेटमध्ये प्रत्येक प्रोफाइलची लुआ स्वतंत्र असते. एकीतलं ग्लोबलसुद्धा दुसरीत नसतं. ताईचं म्हणणं, फाइल एकच ठेवू, दोघं तीच वाचतील-लिहितील. ते मी मोडून काढलं. दोन प्रोफाइलनी एकच हिशोब लिहायचा म्हटलं की शेवटी लिहिणारा आधीच्याचं पुसतो.

त्याऐवजी रेझग्लोबलइव्हेंटने एक प्रोफाइल दुसरीला कळवते. त्यातून टेबल पाठवता येत नाही, स्ट्रिंग (मजकूर), आकडे, हो-नाही आणि निल एवढंच जातं. म्हणून गलबताचं नाव, वस्तू आणि नग अशी सुटी मूल्यं पाठवली जातात. घेणारी प्रोफाइल ती 'शेजारी' नावाच्या वेगळ्या टेबलमध्ये फक्त दाखवण्यापुरती ठेवते, 'गलबतं'मध्ये कधीच नाही, आणि ती फाइलमध्येही जात नाहीत. बंदरांची यादी तेवढी दोन्हीकडे एकच हवी होती. ती वेगळ्या फाइलमध्ये काढली, दोन्ही प्रोफाइल सुरू होताना ती डूफाइलने वाचतात, आणि चालू खेळात कोणीच ती लिहीत नाही.